सातव्या चकतीचा ठिपका

१० नोव्हेंबर, सोमवार

मि. गेला. मिलिंद असं पूर्ण नाव लिहिलं की नवऱ्याला पत्र लिहायला बसल्यासारखं वाटतं, म्हणून नुसतं मि. लिहितेय. काल संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं गेला. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नऊ दिवसांची सुट्टी काढून आला होता. दोन दिवस प्रवासात गेले, तीन दवाखान्यात, उरलेले चार मला कंपनीत ड्यूटी होती. माझी रजा मंजूर झाली तो गेल्यावर. शाब्बास.

दाढीचा ब्रश बेसिनवर ओलाच ठेवून गेलाय. सकाळी वाळला होता. उचलला नाही.

ही वही म्हणजे कंपनीला रेझिन पुरवणाऱ्यांनी गेल्या वर्षी वाटलेली डायरी. कोरी पडली होती. वार सगळे चुकलेले, रोज खोडून लिहावे लागणार. चालेल. लॅबच्या रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, इथं तरी करू दे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाडमेरला पोचला. म्हणाला, पाणी खारट, वाळू भाकरीत. विजेच्या तारांचे टॉवर उभे करणाऱ्या गँगचा तो फोरमन. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यातला निम्मा संसार फोनवर.

फोनवर सासूबाई शेजारी असल्या की मी 'अहो' म्हणते, नसल्या की 'तू'. आज 'अहो' होतं. (सासूबाई = यापुढे सा.बा. हात दुखतो.) डोळ्यावरची हिरवी पट्टी निघाल्यापासून सा.बा.ना घरातली सगळी धूळ दिसायला लागलीय. 'एवढी घाण हुती व्हय गं घरात? मला वाटायचं तू लई टापटीप.'

१९ नोव्हेंबर, बुधवार

मोठी बातमी. वाळूजला पोचले तर पाटणीसाहेब गेटवरच. आमचे प्लँट हेड. ते गेटवर म्हणजे एक तर अपघात किंवा ऑर्डर. ऑर्डर निघाली.

कन्नडच्या घाटाजवळ सहा टॉवर. जागा अरुंद, दोन्हीकडं शेतं आणि घरं. लोखंडी आडव्या आर्मला खाली चिनीमातीच्या माळा लटकवाव्या लागतात, मग तारा वाऱ्यानं झुलतात, जास्त जागा खातात. आमचा आर्म काचधागा आणि त्याला धरून ठेवणाऱ्या रेझिनचा. स्वतःच वीज अडवतो, माळा नकोत, वजनही लोखंडाच्या मानानं काहीच नाही. तीन वर्षं आम्ही हेच सांगत होतो, आता कुठं ऐकलंय. चाचण्या पास होऊन कागद डिसेंबरअखेर गेले पाहिजेत.

दुपारी मि.ला सांगितलं तर त्याच्याकडं त्याहून मोठी बातमी. उभारणीचं काम त्याच्याच ठेकेदाराला, आणि आर्म वेळेत पास झाले तर त्याची गँग तिथं. आठ महिने कन्नड! एसटीनं शनिवारी घरी, जमलं तर मधे एखादा बुधवार.

'सुजे, लई झालं वाळवंट,' म्हणाला. 'पास कर तुझं ते लवकर.'

जसं काही मीच पास करते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

खरं तर मीच करते. सही माझी.

ब्रश धुऊन मगात ठेवला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज रंगाची चाचणी. आमच्या इतक्या यंत्रांमध्ये मला ही सगळ्यात आवडते, कारण हिला यंत्र लागत नाही. आर्म ज्या रॉडचा बनतो त्याच्या बोटभर जाडीच्या दहा चकत्या कापायच्या. ट्रेमध्ये काचेच्या गोट्या पसरायच्या, त्यांच्यावर चकत्या आडव्या ठेवायच्या, खाली गडद गुलाबी रंगाचं पाणी. पंधरा मिनिटं वरून बघत बसायचं. रॉडच्या पोटात केसाएवढी जरी पोकळी असली तरी रंग तिच्यातून वर चढतो आणि ठिपका दिसतो. नसेल तर काहीच होत नाही. काहीच न होणं म्हणजे पास.

सातव्या चकतीवर अकराव्या मिनिटाला ठिपका आला. मोहरीएवढा.

मी चष्मा पुसला. होताच.

पाटणीसाहेब बघून गेले. नियम सांगितला, जसा काही मला माहीत नाही: दहात एक गेली तर दुप्पट कापा, त्या सगळ्या साफ निघाल्या तर लॉट पास. वीस कापल्या. वीसही साफ. नियमात बसलं.

सही केली. पेन जरा अडखळलं, पण ते पेन नेहमीच अडखळतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मि. इतका खूष की मला बोलूच देईना. गँगमधल्या सगळ्यांना चहा पाजला म्हणे. 'कन्नड पक्कं!' सा.बा.नी फोन हातातून घेतला. 'येताना ते उंटाचं काय ते आणू नको बाबा, तू ये फक्त.' मग कपाटावरची मोठी परात काढून घासायला बसल्या. एवढ्या परातीची गरज आठ महिने दर शनिवारी पडणार.

मीही हसत होते. रंगाचा हात स्वच्छ निघाला नव्हता, नखात गुलाबी राहिलं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

त्याच्या बाजूच्या कपाटातले कपडे उन्हात घातले. निळ्या स्वेटरला अजून त्याचा वास आहे, म्हणजे ग्रीस, घाम आणि तो स्वस्तातला साबण. तेवढा एक घडी करून परत आत ठेवला, उन्हात नाही घातला. कुणी विचारलं तर सांगेन विसरले.

सातवी चकती पर्समध्ये आहे. का आणली घरी माहीत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या रॉडच्या पाच चकत्या गुपचूप कापल्या. साफ. डबा न खाता परत आणला. सा.बा.: 'तब्येत बरी नाय का?'

चांगलीच आहे. वीस साफ, पाच साफ. मग मी कशाला कापत बसलेय? समाधान व्हावं म्हणून. पण प्रत्येक साफ चकतीनंतर मला अजून एक कापावीशी वाटते, याला समाधान म्हणत नाहीत.

४ डिसेंबर, गुरुवार

आला.

आज आठ कापल्या होत्या. तिसरीवर, नवव्या मिनिटाला. रॉडवर तो बनतानाच एक काळी रेघ मारतात, ती घड्याळातल्या बाराच्या जागी धरली तर ठिपका पाचच्या जागी. पर्समधून जुनी काढली. तिच्यावरही पाचच्याच जागी.

म्हणजे योगायोग नाही. पाचच्या जागेच्या धाग्यात काहीतरी आहे, सगळीकडं नाही, मधूनमधून. वीस कापल्या तेव्हा मी नेमकी मधल्या चांगल्या भागात होते.

अशा रॉडमध्ये ओल शिरते. मग वीज त्याच वाटेनं जाते, रॉड पोटातून जळत राहतो आणि वरून नव्यासारखा चकचकीत. त्याच्या टोकाला जाऊन तार बांधायला कोण बसणार होतं, ते मला नावानिशी माहीत आहे.

अजून कुणाला सांगितलं नाही. ट्रे धुतला.

६ डिसेंबर, शनिवार

पांढरी साडी. सा.बा.ना घेऊन विहारात. मेणबत्त्या लावल्या. सा.बा. दरवर्षीप्रमाणं मोठ्यानं वंदना म्हणतात, अर्धी चुकीची. मी नुसती बसून होते. बाबासाहेबांच्या फोटोकडं बघायला आज नको वाटलं.

तसं बघितलं तर कागद नियमाप्रमाणं बरोबर आहे. कुणी मला काही विचारणार नाही. हे आज इतक्या वेळा मनात म्हटलं की त्याचा कंटाळा आला.

मला तो हवाय घरी. एवढंच आहे. दुसरं काही कारण नव्हतं सही करायला.

८ डिसेंबर, सोमवार

पाटणीसाहेबांच्या टेबलावर दोन चकत्या ठेवल्या. रेघा जुळवून.

'सुजाताताई, कागद तर गेला. सही तुमचीच आहे.'

'म्हणून तर मीच आले.'

बराच वेळ चकत्या फिरवत बसले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी चहा मागवला. दोन घोट घेतल्यावर म्हणाले, 'परत मागवतो कागद. कन्नडवाले थांबणार नाहीत, तारीख जाईल. पण हे येतं कुठून ते शोधा आधी.' मग, 'तुमचे मिस्टर त्याच कामावर येणार होते ना?'

हो म्हटलं. त्यांनी दोन्ही चकत्या माझ्या हातात परत दिल्या.

९ डिसेंबर, मंगळवार

मि.ला सांगितलं. सा.बा. भाजीला गेल्या होत्या, म्हणून 'तू'.

'एक ठिपका, सुजे.'

'दोन.'

'मी इथं रोज गंजलेल्या बोल्टावर पाय देतो. कुणी विचारतं का मला?'

'मी विचारतेय ना.'

मागं कुठं तरी जनरेटर चालू होता. मग म्हणाला, 'तुला मी यायला नको होतो का?' आणि फोन ठेवला, की तुटला, माहीत नाही. तिकडं रेंज नसते.

यायला हवा होतास. रोज हवा असतोस. भाकरी करताना हवा असतोस, बसमध्ये, सिलिंडर बदलताना, साध्या रविवारी काही कारण नसताना हवा असतोस. हे इथं लिहिता येतं, मग तोंडातून का निघत नाही? वहीला काय उपयोग आहे त्याचा.

११ डिसेंबर, गुरुवार

मि. येत नाही हे कळल्यापासून सा.बा. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. परात परत कपाटावर. काल जेवायला वाढलं तेही भांडं जरा जोरात ठेवून.

आज पर्समधली चकती त्यांच्या हाती लागली. नव्या डोळ्यानं निरखून बघितली. 'हे काय गं, तीळ का?'

सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, 'ह्याच्या बापाचा पाय खांबानंच नेला. तुला ठावं हाय, लंगडत हुते. खांब खालून सडलेला, वरून नवा रंग मारलेला. तवा कुणी ठिपका बघाया बसलं नाय.'

मी सासऱ्यांचा पाय बघितला होता, तसा कशानं झाला ते कधी विचारलं नव्हतं. अकरा वर्षांत.

नंतर त्यांनी स्वतः ठेचा कुटला. मला आवडतो तसा, शेंगदाणे जास्त घालून.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दिवसभर लाइनवर उभी. काचधाग्याची शेकडो रिळं स्टँडवर, तिथून धागे रेझिनच्या टाकीत, तिथून गरम डायमध्ये, म्हणजे साच्यात, पलीकडून रॉड. पाचच्या जागेला जाणारा धागा उलटा शोधत गेले तर भिंतीकडच्या ओळीत पोचले. भिंतीकडची ओळ म्हणजे मारुतीमामा.

मामा आमच्या लाइनचा कणा. गंगापूरकडच्या खेड्यातले, जीपनं येतात. घरात मेंढरं, धाकटा भाऊ अजून कळप घेऊन फिरतो. आठ वर्षांत मामांनी जोडलेला धागा एकदाही तुटला नाही, त्यांच्या पाळीत लाइन थांबत नाही. त्यांचं बक्षिसाचं ताट माझ्याच हातून दिलं होतं.

एक रीळ संपत आलं तसे मामा उठले. संपणारं टोक आणि नव्या रिळाचं टोक घेतलं. बोट जिभेला लावलं, दोन्ही टोकं मांडीवर ठेवली, तळव्यानं एकदाच सर्रकन वळली. एकजीव. बघत राहावं असं काम. मी आठ वर्षं बघतेय आणि कौतुक करतेय.

दुसरे लोक हवेच्या बंदुकीनं टोकं एकमेकांत फुंकून बसवतात. त्या बंदुकीचा पाइप भिंतीकडच्या ओळीपर्यंत पोचत नाही. मामांचे जोड तुटतच नाहीत, म्हणून कुणी लांब पाइप मागितलाच नाही. मी पण नाही.

घरी येईपर्यंत बसमध्ये एकच प्रश्न. मामांना कसं सांगायचं?

१३ डिसेंबर, शनिवार

सांगितलं. कँटीनमध्ये नको म्हणून लॅबमध्ये बोलावलं. त्यांच्या हाताने जोडलेला भाग मुद्दाम रॉडमध्ये ओढून घेतला होता, त्याच्या चकत्या त्यांच्यासमोरच रंगात ठेवल्या. दोघं स्टुलावर बसून बघत होतो. पाचव्या मिनिटाला ठिपका.

'माझा जोड आजवर तुटला नाय, ताई.'

'तुटत नाही मामा. पीळ घट्ट बसतो म्हणून तर...'

पुढचं मला बोलावंच लागलं नाही. त्यांनी चकती हातात घेतली. मग सांगायला लागले, माझ्याकडं न बघता. 'घोंगडीच्या सुताला आमची आय चिंचोक्याची खळ द्यायची. मी पीळ जास्त घातला की वरडायची. म्हनायची, खळ वरच्यावर राहती, आतून सूत कोरडंच. हे मला ठावं हुतं. बारका हुतो तवापासून ठावं हुतं. काचंला बी तेच लागू हुईल असं डोक्यात आलं नाय.'

रेझिन म्हणजे खळच की. मी डिप्लोमा करून हे पुस्तकात वाचलं, मामांना आईनं ओरडून शिकवलं.

टोपी काढून मांडीवर ठेवली होती. डोळे ओले होते. मी चहा आणायला उठले, उगाच.

१५ डिसेंबर, सोमवार

मामा कामावर आले नाहीत. आठ वर्षांत पहिल्यांदा.

१६ डिसेंबर, मंगळवार

आले. सोबत डब्यात चिंचोक्याची खळ आणि लोकरीचा पिळा. रात्रभर भावाच्या बायकोला कामाला लावलं म्हणे. 'आधी ह्याच्यावर करून बघू. काच महाग.'

पाटणीसाहेब दारात उभे राहून बघत होते. संध्याकाळी पाइप मागवला, लांब.

२० डिसेंबर, शनिवार

मि.ची गँग आसामला निघाली. नदीकाठची लाइन. बाडमेरहून थेट, वाटेत घर पडत नाही. चार दिवसांचा प्रवास आणि त्याचं बोलणं चार वाक्यांचं. पोचलो की करतो, आईची औषधं बघ, स्वेटर राहिला तिकडं, ठेवतो.

निळा स्वेटर. तिकडं थंडी असेल. पाठवायला हवा, आणि पाठवावासा वाटत नाही. स्वार्थीपणाची हद्द आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

पाठवला.

२९ डिसेंबर, सोमवार

मामांचा नवा जोड: टोकं कुंच्यासारखी पसरायची, लांबवर एकमेकांवर निजवायची, पीळ अजिबात नाही, बोट जिभेला नाही तर हातमोजा घालून रेझिनला. मग वरून बंदूक, पाइप आता पोचतो. आणि शेजारच्या दोन धाग्यांचे जोड कधी एका जागी येऊ द्यायचे नाहीत.

आज सकाळपासून सहा वेळा तुटला. प्रत्येक वेळी लाइन बंद, डाय साफ करायचा, सगळे मामांकडं बघणार. मामा सगळ्यांकडं पाठ करून परत पसरायला सुरुवात करणार. मी असते तर राजीनामा दिला असता.

७ जानेवारी, बुधवार

वही संपली, म्हणून सुरुवातीच्या पानांवर आले. इकडचा जानेवारी कोरा होता.

तीन दिवसांत एकही जोड तुटला नाही. मामा घोंगडीबद्दल बोलत होते, त्यांची आई कशी मांडीवर काठीनं फटका द्यायची. हसत होते.

मि.शी परवा चार मिनिटं. तिथं नदी समुद्राएवढी आहे म्हणतो. 'ते ठिपक्याचं सापडलं का?' विचारलं त्यानं. स्वतःहून. मामांची सगळी गोष्ट सांगितली, खळीपर्यंत. म्हणाला, 'म्हातारा भारी आहे.' माझ्याबद्दल काही नाही. स्वेटर मिळाला का विचारायचं राहिलं.

१७ जानेवारी, शनिवार

नव्या रॉडचे तुकडे चार दिवस मिठाच्या पाण्यात उकळले. लॅबमध्ये लग्नघरासारखी वाफ. सगळ्यांची एकच कोटी, सुजाताताई वरण कधी वाढणार. आज बाहेर काढले, वीज लावून पाहिली. टिकले.

रंगाची चाचणी मी नियमाच्या दहापटीनं केली. शंभर चकत्या. पाटणीसाहेब म्हणाले, रॉड विकायला ठेवा थोडा. शंभरही साफ.

२१ जानेवारी, बुधवार

सही. पेन बदललं.

पण कन्नडचं पुढं ढकललंय. टॉवरची वाट उसातून जाते, ऊस तुटल्याशिवाय जाता येत नाही. कधी, कुणाची गँग, काही ठरलेलं नाही.

आणि गंमत बघा. तयार झालेला पहिला लॉट मि.च्याच ठेकेदारानं मागवला, आसामला. तिथं सामान नावेतून न्यावं लागतं, जड लोखंड नको झालंय. म्हणजे मी त्याला इकडं आणायला जे बनवलं, ते उचलून त्याच्याकडं चाललं.

२७ जानेवारी, मंगळवार

ट्रक भरला. कागदांच्या पेटीत मी एक पुडकं ठेवलं: या लॉटच्या दहा चकत्या, गोट्यांची पुडी, रंगाची छोटी बाटली आणि ती जुनी सातवी चकती. वर नाव मिलिंद, गँग फोरमन. हे कुठल्याच नियमात नाही.

मामा म्हणाले, 'काय ताई, डबा दिला व्हय नवऱ्याला?' मी लाजले. या वयात.

ट्रक गेटबाहेर वळेपर्यंत उभी होते. ड्रायव्हरचा हेवा वाटला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काही कळलं नाही. ट्रक पोचला असणार. सा.बा. रोज विचारतात, मी रोज म्हणते रेंज नसेल.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी जेवण उरकून ओटा पुसत होते तर फोन. सा.बा. समोर डाळ निवडत.

'जय भीम. तुझा डबा मिळाला.'

'अहो, मग कळवायचं ना!'

आर्म काल नावेतून उतरवले. दोन माणसांनी एक उचलला, गँगचा विश्वासच बसेना. गोट्या बघून पोरं म्हणाली, फोरमनच्या बायकोनं खेळायला पाठवल्या. मग म्हणाला, 'उद्या वर चढवायचेत. त्याआधी मला बघायचंय. सांग कसं करायचं.'

जेवणाची थाळी घ्यायला लावली. गोट्या पसरा. चकत्या आडव्या ठेवा, एकमेकींना लागू देऊ नका. रंग गोट्या बुडतील इतका, जास्त नाही. 'झालं?' 'झालं. हात गुलाबी झाला.' 'तो निघत नाही दोन दिवस. पंधरा मिनिटं लावा आता.' 'तू लाव. माझ्या घड्याळात वाळू गेलीय, बाडमेरची.'

मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडं बघितलं. दोन वाजून दहा.

पहिली तीन मिनिटं इकडचं तिकडचं. तो नदीचं बोलला. मी सा.बा.च्या डोळ्याचं. मग सा.बा. डाळीचं ताट तसंच ठेवून उठल्या, 'मी जरा पलीकडं जाऊन येते,' म्हणाल्या आणि जाताना दार ओढून घेतलं. आमच्या घरात दुपारी दार कधी ओढत नाहीत.

'ती जुनी शेजारी ठेवलीय मी, सातवी,' तो म्हणाला. 'ठिपका बघतोय.'

'हं.'

'असला आर्म लागला असता, अन् मी वर असतो.'

'हो.'

'तेव्हा मी काय काय बोललो तुला.'

सात मिनिटं. या वेळी बोलले. 'यायला हवा होतास तू. मला नको होतास असं नाही. इतका हवा होतास की पहिल्यांदा मी सही करून टाकली होती, मिलिंद. ठिपका बघून.'

फोनवर पूर्ण नाव. मला वाटलं रेंज गेली.

'आहेस का?'

'आहे. चकत्यांकडं बघतोय,' म्हणाला. 'स्वेटर घातलाय.'

मग कन्नडचं विचारलं. ऊस तुटला की कळेल म्हटलं. त्याचं इथलं काम मार्चअखेर संपेल किंवा नाही संपणार, नदीचं काही सांगता येत नाही. दोघांनाही ठाऊक नाही आणि दोघांनी उगाच काही ठरवलं नाही. तो नुसता श्वास घेत होता, मी नुसती ऐकत होते. इतका वेळ फोन चालू असलेला मला आठवत नाही.

'काहीच येईना गं. सगळ्या साफ. किती झाली?'

दोन वाजून अठ्ठावीस. अठरा झाली होती.

'थांब,' मी म्हटलं, 'अजून थोडी आहेत.'